गुलनार बोलली ती मुंबईत

इराणी सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडच्या रसिकांना अब्बास कियारोस्तामी, माजिद मजिदी, जाफर पनाही, असगर फरहादी ही नावं चटकन आठवतात. फिल्म सोसायट्या आणि महोत्सवांनी ती आपल्या ओळखीची केली. मजिदींनी तर ‘बियाँड द क्लाउड्स’ मुंबईतच चित्रित केला. पण या सगळ्यांच्या कितीतरी आधी एक इराणी तरुण मुंबईत येऊन राहिला, इथंच सिनेमा शिकला आणि त्यानं फारसी पडद्याला वाचा दिली. त्याचं नाव अब्दुलहुसेन सेपांता. पहिला फारसी बोलपट ‘दोख्तरे लोर’, म्हणजे लोर जमातीची मुलगी, त्यानं लिहिला आणि त्यात नायकाची भूमिकाही केली. 1933 सालचा हा बोलपट तेहरानमध्ये झाला नाही, इस्फहानमध्येही नाही. तो आपल्या इम्पीरियल फिल्म कंपनीत झाला.

माझी हयात ध्वनिमुद्रणात गेली. आधी नागरा मशीन खांद्याला लावून, पुढे संगणकासमोर बसून. सिनेमा आम्ही आधी कानांनी पाहतो, ही आमच्या धंद्यातल्या माणसांची सवय. सेपांताच्या वाटेला मीही कानांनीच गेले. ‘दोख्तरे लोर’ची आज मिळते ती प्रत झिजलेली आहे, मधेमधे तुटलेली आहे. मला फारसी येत नाही. एका इराणी सहकाऱ्याला शेजारी बसवून मी तो सिनेमा ओळ न् ओळ समजून घेतला. तेव्हापासून मला एक गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटत आली आहे: सेपांता हा इराणच्या सिनेमाचा जितका, तितकाच मुंबईच्या सिनेमाचाही माणूस आहे, आणि त्याला विसरून आपण आपलाच इतिहास अर्धा ठेवला आहे.

तेहरानचा तरुण मुंबईत का आला?

सेपांताचा जन्म 1907 साली तेहरानमधला. इस्लामपूर्व आणि झरथुष्ट्री इराण, जुन्या भाषा, जुने ग्रंथ यांची ओढ त्याला लहान वयातच लागली. त्या काळी प्राचीन इराणचा अभ्यास करायचा तर मुंबईसारखी जागा नव्हती. शेकडो वर्षांपूर्वी आलेले पारशी इथं होते, आणि एकोणिसाव्या शतकापासून यझ्द-केरमान भागातून येत राहिलेले इराणी झरथुष्ट्रीही होते. आपण ज्यांच्या हॉटेलात ब्रून-मस्का आणि चहा घेत आलो ते हेच. डोंगरीकडे इराणी मुसलमान व्यापाऱ्यांची वस्ती होती; 1860 साली बांधलेली त्यांची निळ्या टाइल्सची मोगल मशीद आजही उभी आहे. फारसी पुस्तकं शिळाछापावर छापून इराणपर्यंत पाठवणारे छापखाने मुंबईत होते. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटसारखी संस्था होती. म्हणजे तेहरानच्या विद्यार्थ्याला आपल्याच देशाचा भूतकाळ वाचायला मुंबईला यावं लागे, अशी ती परिस्थिती.

सेपांता 1927 साली आला, विशीत. इथं त्याला दिनशा इराणी यांचा आधार मिळाला. दिनशा व्यवसायानं सॉलिसिटर, पण जीव सगळा इराणच्या विद्येत अडकलेला. इराणी झरथुष्ट्री अंजुमन आणि इराण लीग या दोन्ही संस्थांच्या उभारणीमागे ते होते. 1932 साली रवींद्रनाथ टागोर इराणला गेले तेव्हा त्यांच्यासोबत जे गेले तेच हे दिनशा. त्यांच्या हाताखाली सेपांतानं अभ्यास केला, लेखन केलं, पुस्तकांच्या कामात हात दिला. सिनेमाशी तेव्हा त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो लिहिणारा आणि वाचणारा मुलगा होता.

सिनेमा त्याच्याकडे चालत आला, कारण तो राहत होता तेच शहर त्या सुमाराला बोलायला शिकत होतं.

केनेडी ब्रिजजवळचा स्टुडिओ

14 मार्च 1931 रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि भारतीय बोलपट सुरू झाला. तो काढणारे अर्देशीर इराणी पुण्यात जन्मलेले. वाद्यांचा व्यापार, तंबूतला सिनेमा, थिएटरची भागीदारी, मूकपटांची निर्मिती असं करत त्यांनी 1926 साली इम्पीरियल फिल्म कंपनी काढली. तिचा स्टुडिओ ग्रँट रोडकडच्या केनेडी ब्रिजपाशी, रेल्वेच्या रुळांना लागून. पुढे त्याच आवारात ज्योती स्टुडिओ चालला.

आमच्या धंद्यातला कुणीही हे वाचून कपाळाला हात लावेल. रुळांशेजारी बोलपट! भिंतींना आवाज अडवणारं काही नाही, कॅमेऱ्याची घरघर वेगळी, आणि बाहेर लोकल. ‘आलम आरा’चं पुष्कळसं काम म्हणूनच रात्री, गाड्या थांबल्यावर चाले. यंत्र होतं टॅनर कंपनीचं, सिंगल सिस्टिम. त्यात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी उमटतो. आज आम्ही आवाजाचे पन्नास ट्रॅक वेगवेगळे ठेवतो, नको तो पुसतो, हवा तो नंतर भरतो. सिंगल सिस्टिममध्ये यातलं काही करता येत नाही. नटाचं वाक्य अडखळलं की फिल्म वाया. कुणी खोकलं की फिल्म वाया. चांगल्या दृश्यात वाईट आवाज आला तर दोन्ही टाकायचे. यंत्र लावायला अमेरिकेहून विल्फर्ड डेमिंग आले होते. त्यांच्याकडून काही दिवसांत जेवढं शिकता आलं तेवढं शिकून अर्देशीर आणि रुस्तम भरुचा यांनी ध्वनिमुद्रण स्वतःच हाती घेतलं. माइक कुठं दडवायचा, नटानं कुठं वळायचं, कुठं थांबायचं हे कुणी पुस्तकात लिहून ठेवलेलं नव्हतं.

अर्देशीरशेठनी एक गोष्ट फार लवकर ओळखली. मूकपट सगळ्यांचा असतो. बोलपटाला भाषा असते आणि प्रत्येक भाषेमागे बाजार असतो. 1931 सालीच त्यांनी दक्षिणेसाठी ‘कालिदास’ काढला, तमिळ आणि तेलुगू बोलणारा. त्याच हवेत 1932 च्या फेब्रुवारीत प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी पडदा बोलू लागला. प्रत्येक भाषेला पडद्यावर स्वतःचा आवाज ऐकायची घाई झाली होती. मग फारसी का नको? अर्देशीर स्वतः इराणी वंशाचे, आणि कथा लिहून देणारा, संवाद लिहिणारा, नायक होऊ शकेल असा तरुण त्यांच्याच शहरात दिनशांच्या वर्तुळात वावरत होता. दिग्दर्शक म्हणून नाव अर्देशीर इराणींचं लागलं. कथा, संवाद आणि नायक जाफर ही सेपांताची बाजू.

लोर मुलीची केरमानी बोली

नायक मिळाला, नायिका मिळेना. इराणी बाईनं पडद्यावर यायचं, नाचायचं, परपुरुषाशी बोलायचं, आणि ते सगळं इराणभर दाखवलं जायचं, याला कोण तयार होणार? अखेर स्टुडिओत कामाला असलेल्या एका इराणी माणसाची बायको पुढे आली. रूहअंगिझ सामीनेजाद. केरमानकडच्या बमची, वय अवघं सतरा.

तिची बोली अस्सल केरमानी. गुलनार ही लोर मुलगी पश्चिम इराणच्या डोंगराळ मुलखातली, आणि बोलते दक्षिण-पूर्वेची बोली. चंदगडच्या मुलीची भूमिका करणाऱ्या नटीनं खास वऱ्हाडीत बोलावं, तसा हा प्रकार. सेपांतानं बोली बदलायचा हट्ट धरला नाही, तिच्या बोलीप्रमाणे लिखाणात फेरफार करून घेतला. ध्वनिमुद्रक म्हणून मला हा त्याचा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. नवख्या नटीच्या तोंडी परकी प्रमाणभाषा घातली की ती जपून बोलते, आणि जपून बोललेलं माइकला लगेच कळतं. रूहअंगिझ मोकळी बोलते. सिनेमातले पुरुष नट रंगमंचावर असल्यासारखे एकेक शब्द ठसवून फेकतात. तिचा आवाज मात्र बाजारात, अंगणात ऐकू यावा तसा वाहतो. तेहरान म्हणे सुंदर आहे पण तिथली माणसं वाईट, अशा अर्थाचं तिचं एक वाक्य तेहरानच्या प्रेक्षकांनी असं उचललं की आजही इराणी माणसं ते तिच्याच ढंगात म्हणून दाखवतात. माझ्या सहकाऱ्यानंही ते वाक्य येण्याआधीच म्हटलं.

कथा साधी आहे. गुलनारला लहानपणीच लुटारूंनी पळवलेलं. ती रस्त्यावरच्या चहाखान्यात येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर नाचते. जाफर हा सरकारचा माणूस, लुटारूंच्या बंदोबस्तासाठी निघालेला. दोघांचं प्रेम जमतं, कुलीखान नावाचा लुटारू आडवा येतो, झटापटी होतात, आणि अखेर दोघं पळून येतात ते मुंबईला. इराणमध्ये नवी राजवट आली, रस्ते सुरक्षित झाले असं कळल्यावर ती मायदेशी परततात. सिनेमाचं दुसरं नाव ‘कालचा इराण आणि आजचा इराण’. 1925 साली सत्तेवर आलेल्या रेझा शाहचं हे उघड कौतुक आहे, आणि लोरांसारख्या भटक्या जमातींना लुटारू म्हणून रंगवण्यात त्या राजवटीचा स्वार्थ होता, हेही आज स्पष्टच दिसतं.

तरीही मुंबईतलं ते दृश्य पाहताना मी थांबते. चहाखान्यात अनवाणी नाचणारी गुलनार आता नीटनेटक्या दिवाणखान्यात पियानोशी बसली आहे आणि जाफर देशावरचं गाणं म्हणतो आहे. अवघडलेलं दृश्य आहे. माणसं माइकच्या आवाक्याबाहेर जायला नको म्हणून जागच्या जागी खिळलेली, मागे फिल्मची सततची खरखर. पण मायदेशाची आठवण काढत परक्या शहरात बसलेला तो तरुण सेपांता स्वतःच होता. सहा वर्षं तो याच शहरात राहत होता. त्या गाण्याला भूमिका करावी लागलेली नाही.

बाहेरची दृश्यं चेंबूरला घेतली. मी चेंबूरची. आज आमच्याकडे खतांचा कारखाना, माहुलकडची रिफायनरी, डोक्यावरून जाणारी मोनोरेल. 1933 साली ते मुंबईबाहेरचं गाव होतं. टेकड्या, मोकळं रान, दूरवर एखादं घर. राज कपूरचा स्टुडिओ आमच्याकडे उभा राहायच्या कितीतरी आधी आमच्या टेकड्यांनी लोरेस्तानचं काम केलेलं आहे. चेंबूरला सिनेमाचं गाव म्हणणाऱ्यांनी इतिहास इथून मोजायला हवा.

आपली भाषा, पडद्यावरून

1933 च्या नोव्हेंबरात सिनेमा तेहरानला मायाक थिएटरात लागला, मग सेपाहमध्ये. तिथल्या प्रेक्षकांची सवय काय होती ते लक्षात घ्यायला हवं. मूकपटांच्या पाट्या परक्या भाषेत, वाचता येणारे थोडे. म्हणून थिएटरात एक माणूस फिरत मोठ्यानं अर्थ सांगे. मग बोलपट आले तेही परदेशी. अशा लोकांसमोर पहिल्यांदाच पडद्यावरची बाई त्यांच्या भाषेत, त्यातही गावाकडच्या बोलीत बोलली. लोकांची रीघ लागली. त्याच सुमाराला ओवानेस ओहानियान या दिग्दर्शकानं ‘हाजी आगा’ हा मूकपट मोठ्या कष्टानं इराणमध्येच तयार केला होता. सिनेमाच्याच बाजूनं बोलणारा, खेळकर, हुशार चित्रपट. पण फारसी ऐकलेल्या प्रेक्षकाला आता मुका पडदा चालेना. ‘हाजी आगा’ पडला.

यशाची किंमत मात्र रूहअंगिझनं मोजली. पडद्यावर आली म्हणून तिला शिव्या बसल्या, अंगावर दगड-बाटल्या आल्या. पुढची वर्षं तिनं नाव लपवून, ओळख लपवून काढली. 1970 साली मोहम्मद तहामीनेजाद यांनी इराणी सिनेमाच्या आरंभावर माहितीपट केला तेव्हा कुठं तिला कॅमेऱ्यासमोर आपली कहाणी सांगता आली. 1997 साली ती तेहरानमध्ये वारली. ज्या आवाजानं इराणी सिनेमाला आवाज मिळाला, त्या आवाजाच्या मालकिणीला वर्षानुवर्षं गप्प राहावं लागलं. याचा मला संताप येतो, आणि तो येत राहिला पाहिजे असं वाटतं.

कवी, प्रेमिक आणि दरबार

सेपांता आता दिग्दर्शक झाला. 1934 साली फिरदौसीच्या सहस्राब्दीचा मोठा सोहळा इराणमध्ये होता, त्यासाठी त्यानं ‘फिरदौसी’ केला. महाकवीची भूमिका स्वतःकडे घेतली. शाहनामा लिहिणारा कवी आणि त्याला दिलेला शब्द न पाळणारा गझनीचा महमूद ही आख्यायिका इराणमध्ये पोराटोरांना ठाऊक. पण पडद्यावर कवीपुढे सुलतान खुजा दिसावा हे रेझा शाहला रुचलं नाही. महमूदचे प्रसंग बदलून पुन्हा चित्रित करावे लागले. पहिल्या सिनेमात ज्या राजवटीचं गुणगान केलं, तिनंच दुसऱ्या सिनेमाला कात्री लावली. इराणी दिग्दर्शक आणि सत्ता यांच्यातली पुढची सगळी ओढाताण, अगदी पनाहींवर 2010 साली आलेल्या वीस वर्षांच्या चित्रपटबंदीपर्यंतची, इथं पहिल्यांदा दिसते.

त्यानंतर ‘शिरीन आणि फरहाद’. गाण्यांनी भरलेला, मुंबईच्या बोलपटांच्या थेट वळणावर गेलेला. फारसी काव्यातली प्रेमकथा, पण मांडणी आपल्या संगीत बोलपटांच्या घरातली. मग ‘काळे डोळे’: नादिरशाहच्या हिंदुस्थानवरच्या स्वारीच्या धुमश्चक्रीत सापडलेली लाहोरमधली प्रेमकथा. हा इम्पीरियलबाहेर, मुंबईच्याच श्रीकृष्ण फिल्म कंपनीत झाला. शेवटचा ‘लैला-मजनू’ कलकत्त्याला, ईस्ट इंडिया फिल्म कंपनीत. 1933 ते 1937 या चारपाच वर्षांत पाच फारसी बोलपट, पाचही हिंदुस्थानात. एवढ्या काळात इराणमध्ये एकही फारसी बोलपट तयार झालेला नव्हता.

सेपांताच्या मनात यापुढचं होतं. स्टुडिओ इराणमध्येच उभारायचा, यंत्रं न्यायची, माणसं शिकवायची. 1936 साली ‘लैला-मजनू’ची प्रत घेऊन तो मायदेशी गेला. स्वागत झालं ते अडवणुकीनं. परवान्यांसाठी हेलपाटे, अधिकाऱ्यांची उदासीनता, थिएटरवाल्यांच्या जाचक अटी. सरकारनं स्टुडिओसाठी काहीच दिलं नाही. त्यात आई आजारी. तो इस्फहानला राहिला आणि पोटासाठी लोकरीच्या कारखान्यात नोकरीला लागला. वय तिशीच्या आत.

त्यानंतर इराणमध्ये फारसी कथापट झाला तो 1948 साली, ‘आयुष्याचं वादळ’. अकरा वर्षं एका देशाचा पडदा आपल्या भाषेत बोललाच नाही. महायुद्ध, परकी फौजा ही कारणं खरीच; पण यंत्राची माहिती असलेला, पाच बोलपट केलेला माणूस त्याच देशात लोकरीच्या गाठी मोजत बसला होता, हे कारणही त्यात धरावंच लागेल.

पुढे 1943 साली सेपांतानं स्वतःच्या नावाचं वर्तमानपत्र काढलं. लिहीत राहिला, भाषांतरं करत राहिला. उतारवयात त्यानं पुन्हा कॅमेरा हातात घेतला, घरगुती आठ मिलिमीटरचा, आणि छोटेछोटे चित्रपट केले. स्टुडिओ नाही, नटी नाही, कुणाची परवानगी नाही. 28 मार्च 1969 रोजी इस्फहानला तो गेला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला मुंबईत अर्देशीर इराणी गेले. आणि त्याच वर्षी दारियुश मेहरजुईंच्या ‘गाय’ या चित्रपटानं नव्या इराणी सिनेमाची सुरुवात झाली.

आपल्याकडे काय उरलं?

‘आलम आरा’ आज कुठंही नाही. एकही प्रत उरलेली नाही. काही छायाचित्रं, जाहिराती आणि आठवणी, बस. भारताचा पहिला बोलपट आपण हरवला. त्याच स्टुडिओत, त्याच शेठनी, जेमतेम दोन वर्षांनी केलेला ‘दोख्तरे लोर’ मात्र झिजलेला का होईना, ऐकता येतो. केनेडी ब्रिजच्या त्या स्टुडिओतलं अवकाश कसं घुमत होतं, माइक किती अंतरावर होता, शांततेत यंत्राचा आवाज किती येत होता, हे मला ऐकायचं असेल तर मी आज गुलनारकडे जाते. मुंबईच्या बोलपटांच्या बाल्यावस्थेचा एक ऐकू येणारा पुरावा फारसीत आहे आणि तो इराणनं जपला. 1992 साली मोहसेन मखमलबाफनं इराणी सिनेमाच्या इतिहासावर एक विलक्षण फँटसी केली. तिच्यात जुना काजार बादशहा पडद्यावरच्या गुलनारच्या प्रेमात पडतो. इराणमध्ये ती अशी जिवंत आहे.

आपल्याकडे चित्रपटाचा इतिहास शिकवताना ‘आलम आरा’पासून ‘अयोध्येचा राजा’पर्यंतची वाट सांगतात आणि थांबतात. त्या वाटेवर तमिळ, तेलुगू, फारसी बोलणारी मुंबईही होती. तेहरानचा विद्यार्थी, बमची मुलगी, पुण्यात जन्मलेला शेठ आणि चेंबूरच्या टेकड्या यांनी मिळून एका देशाच्या सिनेमाला बोलायला लावलं. ही गोष्ट फिल्म इन्स्टिट्यूटच्या पोरांना माहीत असायला हवी. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं आणि आपल्या फिल्म सोसायट्यांनी ‘दोख्तरे लोर’ मराठी उपशीर्षकांसह दाखवायला हवा, आणि सुरुवातीला अब्दुलहुसेन सेपांता व रूहअंगिझ सामीनेजाद ही दोन नावं मोठ्यानं उच्चारायला हवीत. हे फारसं खर्चाचं काम नाही. उपशीर्षकं लिहायला आणि आवाज स्वच्छ करायला माणूस लागला, तर मी तयार आहे.